वहीतले वजा वीस रुपये

"घटस्फोट मिळाला, पण वकिलाचा खर्च कोण देणार?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता तो ऐकला की मी आधी पाण्याचा ग्लास पुढे करते.

मुलुंडच्या एक ताई (ओळख बदलली आहे) वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातून निकाल घेऊन आल्या. घटस्फोट मंजूर, मुलीचा ताबा त्यांच्याकडे; पोटगी मात्र मागितली त्याच्या निम्मी, दागिन्यांची मागणी फेटाळलेली. शेवटची ओळ : खर्च ज्याचा त्याने सोसावा.

"मॅडम, जिंकले मीच ना?"

मी समुपदेशक, वकील नाही, पण एवढं सांगते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ नुसार एरवी हरणाऱ्याने खर्च द्यायचा, तरी निर्णय न्यायालयाच्या मर्जीचा. दोघांच्याही पदरात थोडं थोडं पडलं की बहुधा ज्याचं त्याच्याकडेच राहतं. आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २८ नुसत्या खर्चासाठी अपील करू देत नाही. मागायची खरी वेळ दावा चालू असतानाची : त्याच कायद्याचं कलम २४, ज्याचं स्वतःचं उत्पन्न पुरेसं नाही त्याच्यासाठी, मग तो नवरा असो की बायको. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बायकांना मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असो. हे कुणी वेळेवर सांगतच नाही!

ताईंना हे पटलं, पण पोचलं नाही. चौथ्या भेटीत त्यांनी खर्चाची वही काढली. मी म्हटलं, मोठ्याने वाचा. वकील फी, झेरॉक्स, कुर्ल्याहून रिक्षा, तारीख पुढे गेली, पुन्हा रिक्षा. मग एक ओळ : "चहा. वजा २०."

"वजा का?"

"पाऊस होता. दोघंही अडकलो होतो. पैसे त्याने दिले."

त्या हसल्या, आणि हसता हसता रडू फुटलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "वीस रुपयेसुद्धा मी प्रामाणिकपणे वजा केले. त्याने एकदा म्हणावं ना, की माझं चुकलं."

माझ्या मते दुखणं तिथं होतं. माफीची थकबाकी ताई रुपयांत मोजत होत्या, आणि ती कुठलंच न्यायालय वसूल करून देत नाही. मी गप्प राहिले. त्या दिवशी तेवढं मला बरं जमलं.

पुढच्या खेपेला वही आणली नव्हती. वकिलांच्या उरलेल्या फीचे हप्ते कसे पाडून घ्यायचे, ते विचारत होत्या.