आधी क्लेम वाच

प्रिय मुली,

फर्ममध्ये पेटंटचे अर्ज लिहायचे की मानवी हक्कांचं काम करायचं, हा तुझा पेच कळला. पण तुझ्या पत्रात पानोपानी राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क आहे; पेटंट कायद्याचं ३(डी) एकदाही नाही. जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला, ते जास्त गुणकारी नसेल तर, पेटंट नाकारणारं ते कलम. राग येतो तो त्याचा.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम २७ काढ. विज्ञानाच्या लाभात सगळ्यांचा वाटा आणि संशोधकाच्या हिताचं रक्षण, दोन्ही तिथे शेजारी बसलीत. पेटंट ही निराळी चीज. ते विकलं जातं, वीस वर्षांत संपतं, सरकार ते अटींवर देतं. अटी पाळल्या का हे बघायला क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगितलाय ती अर्जातली वाक्यं, वाचावी लागतात. मोर्चाला जरूर जा, पण क्लेम वाचून जा.

नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, दोघींची श्रवणशक्ती क्षयाच्या औषधांनी गेली. क्षयावरच्याच बेडाक्विलिन या औषधाचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. कंपनीला त्याच्या फ्युमरेट क्षारावर, म्हणजे त्याच औषधाच्या एका रूपावर, वेगळं पेटंट मिळवून २०२७ गाठायचं होतं. या दोघींनी विरोध नोंदवला आणि मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला. पेटंट मिळण्याआधी असा विरोध कुणीही करू शकतं. तूसुद्धा.

नुसत्या कळवळ्याने काय होतं? २०१२ मध्ये कर्करोगावरच्या नेक्साव्हारचं सक्तीचं लायसन्स निघालं, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी मिळाली. महिन्याचा २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८८० वर आला. कारण किती थोड्या रुग्णांपर्यंत औषध पोचतं याचे आकडे समोर होते. मधुमेहावरच्या सॅक्साग्लिप्टिनसाठी तशाच लायसन्सचा अर्ज २०१६ मध्ये पडला, कारण त्याचीच गरज किती जणांना आहे हे अर्जदाराला दाखवता आलं नाही. क्लेम वाच, आकडे काढ, मग रड.

कंपन्यांचे अर्ज लिहून झोप लागते का, असं विचारलंस. लागते. घर त्यावर चाललं. आणि कुठल्या शब्दाआड किती जागा अडवून ठेवलीय, हे अडवणाऱ्याला जितकं कळतं तितकं भाषण करणाऱ्याला कळत नाही. एखादा विरोध-अर्ज माझ्याही सहीने जायला हवा होता, एवढं मात्र सलतं.

तेव्हा फर्ममध्ये जा, मसुदे लिहायला शीक. रविवारी जेवायला ये आणि फ्युमरेटच्या अर्जातला पहिला क्लेम तुझ्या शब्दांत सांग. कलम २१ घरी ठेवून ये.

तुझा,
काका