रेझिनच्या फिगरवर (छोट्या पुतळ्यावर) प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, खरखरीत बसतो आणि नखाने निघतो. नाशिकमध्ये कोणता ब्रँड घेऊ?

ब्रँड बदलून यातलं काही सुटणार नाही. नखाने निघतो कारण मॉडेल धुतलेलं नाही, आणि खरखर येते ती उन्हामुळे. "नवीनच तर आहे, धुवायचं कशाला?" असं ठासून सांगणारे एक जाणते गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्याशी याच मुद्द्यावर माझा जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साच्यातून रेझिन सुटावं म्हणून रिलीज एजंट लावतात. तो दिसत नाही. अंगरख्याच्या चुण्यांत, बोटांच्या बेचक्यांत राहतो, आणि तुमचा प्रायमर रेझिनवर न बसता त्याच्यावर बसतो. उपाय साधा आहे: कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ टूथब्रश. कढत पाणी नको, तलवारी-भाले वाकतात.

धुण्याआधी मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची उठलेली रेघ, काढून टाका. ब्लेडची पाठ काटकोनात धरून खरवडायची. धारेच्या बाजूने खरवडलं की खाच पडलीच. मग ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, तोही ओला करून, कारण रेझिनची धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. धुतल्यावर रात्रभर वाळू द्या. नंतर बोट लावायचं नाही. मॉडेल बाटलीच्या बुचावर चिकटवून बूच धरा.

आता खरखर. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. भर दुपारी गच्चीवर हातभर लांबून फवारलं की थेंब वाटेतच सुकतो आणि फिगरवर नुसती भुकटी बसते. सकाळी लवकर, सावलीत, २० ते २५ सेंटिमीटरवरून मारा. कॅन आधी दोन मिनिटं हलवा. फवारा फिगरच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवायचा. दोन-तीन पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. एकाच हातात झाकायला गेलात तर डोळे आणि चिलखताच्या कड्या बुजतात. थंडीत कॅनमधला दाब उतरतो आणि नोझल थुंकतं. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, गॅसजवळ अजिबात नको. पावसाळ्यात मात्र स्प्रे विसरा, ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरा.

ब्रँडचं म्हणाल तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा स्प्रे प्रायमर रेझिन आणि धातूवर चालतो. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या किटवर तो जाड बसला तर थिनर प्लास्टिक खातो, म्हणून आधी उरलेल्या स्प्रूच्या (किटचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर मारून बघा.

एक राहिलंच: फिगर थ्रीडी प्रिंटची असेल आणि हाताला चिकट लागत असेल, तर साबणाने भागणार नाही. हातमोजे घालून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, मग यूव्ही दिव्याखाली सगळ्या बाजूंनी क्युअर करा, म्हणजे पक्की कडक होऊ द्या. आत्ताच्या फिगरवरचा थर सुटतोच आहे, तर तो आधी पूर्ण काढून टाका. त्याच्यावरच पुढचा हात मारू नका.