तुम्ही विचारा : बिनचालकाची गाडी आणि वेर्ण्याचा पाऊस

प्रश्न : गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमचे औषधांचे गोदाम आहे. चतुर्थीला फोर्कलिफ्टचे चालक रजेवर गेले की माल अडतो. मालक एजीव्ही, म्हणजे आपोआप चालणाऱ्या गाड्या, घ्यायच्या म्हणतात. एक विक्रेता जमिनीवर चुंबकी पट्टी लावा म्हणतो, दुसरा लेझरवालीच घ्या म्हणतो. कोणाचे ऐकावे?
— गोदाम पर्यवेक्षक, वेर्णा

उत्तर : अडचण फक्त चतुर्थीची असेल तर कोणाचेच ऐकू नका. बदली चालक आधी ठरवून ठेवा, स्वस्तात सुटाल. मात्र वर्षभर, दोन्ही पाळ्यांत, तोच माल त्याच वाटेने जात असेल तर मालकांचे म्हणणे वावगे नाही. हे काही कालचे खूळ नव्हे. तारेच्या मागाने चालणाऱ्या अशा गाड्या अमेरिकेत १९५०च्या दशकातच गोदामात आल्या.

गाडी जिच्या मागाने चालते ती पट्टी स्वस्त पडते आणि एका दिवसात लागते. पण हँड पॅलेट ट्रक (पॅलेट, म्हणजे माल रचायचा फळ्यांचा पाट, हाताने ओढायची गाडी) तिच्यावरून आडवा जायला लागला की कडा सुटतात, आणि खिळा वर आलेले लाकडी पॅलेट कोणी ओढत नेले तर पट्टी फाटलीच. लेझरवाल्यांत दोन जाती. एक भिंतीवरच्या परावर्तकांचे कोन मोजून आपली जागा काढते. दुसरी खांब, भिंती, रॅक यांचाच नकाशा धरून चालते. जमिनीवर मालाच्या थप्प्या रोज हलत असतील तर ही गोंधळते. तुमच्यासाठी मी परावर्तकवाली निवडीन. परावर्तक मात्र थप्पीच्या वर, उंचावर लावून घ्या.

आता पावसाचे. विक्रेता पुण्याकडचा असेल तर हे तो आपणहून काढणार नाही. गाडीच्या पुढे सुरक्षा स्कॅनर असतो. माणूस बाहेरच्या टप्प्यात आला की गाडी हळू होते, आतल्या टप्प्यात आला की थांबते. एसी गोदामातून गाडी दमट डॉकवर, म्हणजे ट्रक भरायच्या-उतरवायच्या धक्क्यावर, आली की या स्कॅनरच्या काचेवर वाफ धरते. चष्मेवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. काच धूसर झाली की स्कॅनर तो बिघाड धरतो आणि गाडी जागच्या जागी उभी. शिवाय ट्रकच्या ताडपत्रीचे पाणी डॉकवर गळते. ओल्या इपॉक्सीवर, म्हणजे जमिनीच्या गुळगुळीत लेपावर, चाक घसरले तर चाकाच्या फेऱ्यांवरून केलेला अंतराचा हिशेब चुकतो. ब्रेक लागून थांबायलाही जास्त जागा लागते, आणि स्कॅनरचे टप्पे कोरड्या जमिनीवर बेतलेले असले तर ते अपुरे पडतात. हा भाग गमतीवारी नेण्यासारखा नाही.

म्हणून डॉक फोर्कलिफ्टकडेच राहू द्या. दाराच्या आत एक कोरडी जागा आखा, फोर्कलिफ्टने पॅलेट तिथे ठेवायचे, पुढची लांब सरळ वाट एजीव्हीची. (त्या आखलेल्या जागेत पहिल्याच आठवड्यात कोणीतरी रिकामी खोकी रचणार, हे धरून चाला.) बॅटरी लिथियमची घ्या. मधल्या सुट्टीत थोडी थोडी चार्ज करता येते. शिशाची असली तर चार्जिंगला आठेक तास आणि वर निवायला वेळ. ऑर्डर देण्याआधी चाचणी मागा : जुलैत, तुमच्याच गोदामात, तुमच्या मोडक्यातल्या मोडक्या पॅलेटवर. फळी लोंबणारे पॅलेट गाडीला उचलता येत नसेल तर ते तेव्हाच कळू दे.

प्रश्न : आमच्याकडे अशा गाड्या आल्या आहेत. त्यांच्या लेझरने डोळे बिघडतात का? आणि आम्हा चालकांचे काय?
— फोर्कलिफ्ट चालक, कुंडई

उत्तर : डोळ्यांची काळजी नको. हे स्कॅनर पहिल्या वर्गाचे, म्हणजे डोळ्यांना सुरक्षित धरलेले लेझर असतात. किरण बहुधा दिसतही नाही. पण गाडी थांबते का बघायला मुद्दाम पाय पुढे करायची जी मजा पोरे करतात, ती बंद करा. स्कॅनर जमिनीपासून थोडा वर, एकाच पातळीत बघतो. बाजूला लोंबणारा माल किंवा वरून पुढे आलेला फोर्क (माल उचलायचा काटा) त्याला दिसेलच असे नाही.

कामाचे म्हणाल तर सरळ वाटेवरच्या फेऱ्या जातील, हे खरे. ट्रक भरणे, वाकडे पॅलेट सावरणे, उंच रॅकवरचे काम अजून बऱ्याच ठिकाणी माणसाकडेच आहे. अडकलेली गाडी हाताने सोडवून पुन्हा वाटेवर लावायचे प्रशिक्षण विक्रेता देतो. त्या यादीत तुमचे नाव आहे का, ते आजच पर्यवेक्षकांना विचारा.