रिकी जर्व्हेसवर कोण चिडलं, कोण हसलं आणि का

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. गोल्डन ग्लोब या अमेरिकेतल्या चित्रपट-टीव्ही पुरस्कारांच्या ५ जानेवारी २०२० च्या सोहळ्यातलं, सूत्रसंचालक असलेल्या ब्रिटिश विनोदवीर रिकी जर्व्हेसचं सुरुवातीचं भाषण अजूनही फिरत असतं. त्याखाली निम्मे लोक ‘अखेर कुणीतरी तोंडावर बोललं’ म्हणून खूश होतात, निम्मे ‘हा विनोद नव्हे, उद्धटपणा’ म्हणून शिव्या घालतात. समोर बसलेल्या तारे-तारकांचे चेहरे तर पडलेले दिसतात. तर विचारणाऱ्यांचं म्हणणं असं, की तो कार्यक्रम जमला की फसला? आणि आपल्याकडे असा सूत्रसंचालक का दिसत नाही?

मी बरीच वर्षं मराठी सोहळ्यांसाठी निवेदनं लिहितोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मत आधीच सांगून टाकतो. ज्यांनी जर्व्हेसला बोलावलं आणि ज्यांच्या पैशावर ते सभागृह चालतं, त्यांच्यावर तो बोलला तेव्हा त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. एखाद्याच्या जुन्या जखमेवर बोट ठेवून त्यानं हशा मागितला, तेव्हा तो साधारण होता. प्रेक्षकांनी मात्र ही दोन्ही सरमिसळ करून टाकली, आणि गेली कितीतरी वर्षं सगळा वाद त्या सरमिसळीवरच चाललाय.

हे समजायला २०२० पासून सुरुवात करून उपयोग नाही. १६ जानेवारी २०११ चा सोहळा बघा. जागा तीच, बेव्हर्ली हिल्टन हॉटेलचं सभागृह. जर्व्हेसचं सूत्रसंचालनाचं ते दुसरं वर्ष. त्या वर्षी जॉनी डेप आणि अँजेलिना जोली यांच्या ‘द टुरिस्ट’ला विनोदी-संगीत विभागात नामांकन मिळालं होतं. चित्रपट थरारपटाच्या वळणाचा, समीक्षकांनी धुतलेला. जर्व्हेस म्हणाला, लोक म्हणतात की फक्त डेप आणि जोलीसोबत वेळ घालवायला मिळावा म्हणून हे नामांकन दिलं, तर ते साफ खोटं आहे. त्यांनी लाचही घेतली. हे तो कुणाबद्दल बोलत होता? पुरस्कार देणाऱ्या हॉलिवूड फॉरेन प्रेस असोसिएशनबद्दल, म्हणजे त्याला त्या मंचावर उभं करणाऱ्या यजमानांबद्दल. सोहळ्याच्या काहीच दिवस आधी या संस्थेच्या माजी प्रसिद्धीप्रमुखानं तिच्यावर अशाच आरोपांचा दावा दाखल केला होता आणि संस्थेनं आरोप नाकारले होते. म्हणजे विनोद हवेतला नव्हता.

आता त्या रात्रीचा राग कुठे गेला ते बघा. रॉबर्ट डाउनी ज्युनियरला मंचावर बोलावताना जर्व्हेसनं त्याच्या व्यसनमुक्ती केंद्राचा आणि तुरुंगवासाचा उल्लेख केला. डाउनीनं माइकवर येऊन सुनावलं, की कार्यक्रमाचा सूर कमालीचा खुनशी आहे, एवढं सोडलं तर वातावरण छान आहे. टॉम हँक्स आणि टिम अॅलन जोडीनं आले. हँक्स म्हणाला, रिकी जर्व्हेस थोडा गुबगुबीत पण फार प्रेमळ विनोदवीर होता तो काळ आम्हाला आठवतो. अॅलननं लगेच जोडलं, आता तो दोन्ही नाही. दुसऱ्या दिवसापासून चर्चा एकच: जर्व्हेस ताऱ्यांशी किती वाईट वागला. लाच घेतल्याचं वाक्य त्या गदारोळात ‘आणखी एक टोमणा’ म्हणून वाहून गेलं.

डाउनीच्या बाबतीत मी डाउनीच्या बाजूचा आहे. त्या माणसानं त्याच्या चुकांची किंमत सगळ्या जगासमोर चुकवली होती आणि स्वतःच्या हिमतीवर परत उभा राहिला होता. ज्या गोष्टीबद्दल तो स्वतः वर्षानुवर्षं मोकळेपणानं बोलत आला, ती पुन्हा उकरण्यात धाडस कसलं? २०१६ मध्ये माजी ऑलिंपिक खेळाडू आणि ट्रान्सजेंडर केटलिन जेनरवर केलेले विनोदही मला याच जातीचे वाटतात. पण यजमान संस्थेबद्दल तो जे बोलत राहिला ते वेगळं होतं. २०१६ मध्ये तो पुरस्कारालाच धातूचा निरुपयोगी तुकडा म्हणाला, काही गोंधळलेल्या वयस्कर पत्रकारांना ताऱ्यांना भेटून त्यांच्यासोबत सेल्फी काढता यावा म्हणून दिलेला. २०२० मध्ये तर, गोरे नसलेले कलाकार नामांकनांतून वगळले गेलेत, पण काही करता येणार नाही, कारण ही संस्थाच वर्णद्वेषी आहे, असं तो सरळ म्हणाला. लोक हसले आणि पुढे गेले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नं शोध घेऊन छापलं, की संस्थेच्या ८७ सदस्यांमध्ये एकही कृष्णवर्णीय नाही. त्याच वृत्तात सदस्यांच्या पाहुणचाराचे आणि पैशांचे प्रश्नही होते. मग चक्रं फिरली. २०२२ चा सोहळा एनबीसी या वाहिनीनं दाखवलाच नाही आणि जून २०२३ मध्ये संस्था विसर्जित होऊन पुरस्कार खासगी कंपन्यांकडे गेले. जर्व्हेसनं काही गौप्यस्फोट केला असं मी म्हणत नाही, श्रेय त्या वार्ताहरांचं आहे. पण संस्थेच्या मंचावरून, संस्थेचेच पैसे घेऊन, संस्थेच्या अध्यक्षाला समोर बसवून तो हे वर्षानुवर्षं बोलत होता, आणि ‘तो फार लागट बोलतो’ यापलीकडे कुणाला त्यात काही ऐकू आलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

आता चेहऱ्यांबद्दल. गोल्डन ग्लोबमध्ये ऑस्करसारख्या नाट्यगृहातल्या रांगा नसतात. गोल टेबलं, जेवण, दारू. एका टेबलावर कलाकार, त्याचा दिग्दर्शक, निर्माता, स्टुडिओचा माणूस. टेबलांच्या मधून कॅमेरामन वाकून फिरत असतात. असं सभागृह ज्यानं ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीत बसून पाहिलंय त्याला एक गोष्ट माहीत असते: आपल्यावर कॅमेरा आलाय हे कलाकाराला कळतं. नजर एका क्षणासाठी बाजूला सरकते, मग चेहरा ‘लागतो’. त्या क्षणी तो माणूस विनोद ऐकत नसतो, हिशेब करत असतो. हसलो तर ज्याच्यावर विनोद झाला तो पुढच्या चित्रपटात माझ्यासोबत असेल. नाही हसलो तर उद्या माझा घुम्यासारखा फोटो जगभर जाईल. तेव्हा पडद्यावर दिसणारा चेहरा हा बऱ्याचदा घाईत घेतलेला निर्णय असतो.

टॉम हँक्सचा २०२० मधला ओठ ताणलेला, भुवया चढलेला चेहरा बघा. ‘हॉलिवूड कसं हादरलं’ याचा पुरावा म्हणून तो लाखो वेळा वापरला गेला. एका क्षणाचा तो भाव. त्याच रात्री हँक्सला सेसिल बी. डीमिल हा जीवनगौरव पुरस्कार मिळाला आणि कुटुंबाबद्दल बोलताना त्याचा कंठ दाटून आला. माणूस मनातून हादरलेला, वैतागलेला, की नुसता ‘अरे बापरे’ म्हणत होता, हे त्या चित्रावरून ठरवता येत नाही. याच्या उलट उदाहरण २७ मार्च २०२२ च्या ऑस्करचं. विनोदवीर ख्रिस रॉकनं विल स्मिथची बायको जेडा पिंकेट स्मिथ हिच्या केसांवर विनोद केला तेव्हा कॅमेऱ्यात विल स्मिथ हसताना दिसतो. काही सेकंदांत तो मंचावर चढून रॉकच्या कानाखाली वाजवतो. रिअॅक्शन शॉटवर किती विसंबायचं ते यावरून ठरवा.

सभागृह फक्त जर्व्हेसपुढेच गप्प बसतं असंही नाही. आणि बोचरं बोललं की सभागृह चिडतंच असंही नाही. २०१४ मध्ये गोल्डन ग्लोबचं सूत्रसंचालन टिना फे आणि एमी पोलर या अमेरिकन विनोदी अभिनेत्री करत होत्या. ‘ग्रॅव्हिटी’बद्दल त्या म्हणाल्या, स्वतःच्या वयाच्या बाईसोबत आणखी एक मिनिट घालवण्यापेक्षा जॉर्ज क्लूनीला अंतराळात तरंगत जाऊन मेलेलं परवडतं, अशी ही कथा. सभागृह खदखदून हसलं. २०२० मध्ये जर्व्हेस लिओनार्डो डिकॅप्रिओबद्दल म्हणाला, ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’ जवळजवळ तीन तासांचा होता, प्रीमियर संपेपर्यंत याची मैत्रीण याच्यासाठी वयस्कर झाली. टोमणा हुबेहूब तोच, जागा तीच. (डिकॅप्रिओ त्यावर हसलाही, हे कुणी सांगत नाही.) फरक बोलणाऱ्यात होता. फे आणि पोलर त्या धंद्यातल्या बायका, स्वतःलाही त्या टोळीत धरून बोलणाऱ्या. जर्व्हेस दारात उभा राहून आत बसलेल्यांवर बोलतो. तो स्वतःच वारंवार सांगत आलाय, की मी समोरच्या टेबलांसाठी नाही, घरी टीव्ही बघणाऱ्यांसाठी बोलतो. आणि वाहिनीला डिवचणारा माणूस लागतोच, या समजाचं काय? जर्व्हेसच्या २०१० आणि २०११ च्या सोहळ्यांना अमेरिकेत साधारण १.७ कोटी प्रेक्षक होते, फे-पोलरच्या २०१४ च्या सोहळ्याला २ कोटींच्या वर.

आता २०२०, ज्यावरून तुमचा प्रश्न आलाय. त्या रात्रीची हवा आधीच तंग होती. दोनच दिवसांपूर्वी अमेरिकेनं बगदादमध्ये इराणचा लष्करी सेनानी कासिम सुलेमानी याला मारलं होतं, ऑस्ट्रेलियात वणवे पेटले होते. सगळ्यांना ठाऊक होतं की मंचावर भाषणं होणार. जर्व्हेसनं आधीच बजावलं: राजकीय भाषण करू नका, तुम्हाला खऱ्या जगाचं काही माहीत नाही, पुरस्कार घ्या, एजंटचे आणि देवाचे आभार माना आणि चालते व्हा. शेवटचा शब्द त्यानं शिवीतच वापरला. लोकांनी उचललं ते हे. अमेरिकेतले उजवे समालोचक खूश झाले, डाव्या बाजूचे दुखावले, आणि भाषणाचा हा तुकडा पक्षाच्या झेंड्यासारखा फिरला.

पण त्याच्या लगेच आधीचा भाग ऐका. अॅपलनं नुकतीच ‘द मॉर्निंग शो’ ही मालिका आणली होती आणि कंपनीचे प्रमुख टिम कुक त्याच सभागृहात बसले होते. जर्व्हेस म्हणाला, प्रतिष्ठा आणि योग्य वागणं यांचं महत्त्व सांगणारी उत्कृष्ट मालिका, आणि बनवणारी कंपनी चीनमध्ये कामगारांना पिळून घेणारे कारखाने चालवते. मग ताऱ्यांकडे वळून: अॅपल, अॅमेझॉन, डिस्नी, कुणाकडे काम करता ते बघा, आयसिसनं उद्या स्ट्रीमिंग सुरू केलं तर तुम्ही एजंटला फोन लावाल. हे राजकीय भाषणच आहे, आणि त्या रात्रीचं सगळ्यात धारदार. जे त्याला ‘उजव्यांचा माणूस’ म्हणून डोक्यावर घेत होते त्यांनी हा भाग गिळून टाकला. पुढे जर्व्हेसनंच विचारलं, की बड्या कंपन्या आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांची टर उडवणं उजवं कसं ठरतं?

‘भाषणं करू नका’ हे मात्र मला पटलेलं नाही. पॅट्रिशिया आर्केटनं युद्धाबद्दल, मिशेल विल्यम्सनं बायकांच्या निवडीच्या हक्काबद्दल बोलून दाखवलं, आणि त्यांना टाळ्याही मिळाल्या. ज्याच्या हातात तीन मिनिटं माइक आहे त्यानं काय बोलावं हे सूत्रसंचालकानं कशाला ठरवायचं? ढोंगावर बोट ठेवणं निराळं आणि तोंड बंद करा म्हणणं निराळं.

कसबाबद्दल एक सांगतो, कारण त्याकडे कुणी बघत नाही. जर्व्हेस बिअरचा ग्लास घेऊन उभा असतो. विनोद पडला, शांतता झाली, की तो घोट घेतो. त्या घोटात प्रेक्षकांना पचवायला वेळ मिळतो आणि त्याला शांततेची भीती नाही हेही कळतं. ७ जानेवारी २०२४ ला विनोदवीर जो कॉय याच मंचावर सूत्रसंचालक म्हणून उभा होता. काम मिळून जेमतेम दहा दिवस झालेत, असं तोच म्हणाला. विनोद पडायला लागले तसं त्यानं मंचावरूनच ते सांगितलं, आणि काही विनोद दुसऱ्यांनी लिहिलेत, तुम्ही हसताय ते माझे, असंही म्हणाला. त्या क्षणी सभागृह हातातून गेलं आणि घरचे प्रेक्षकही. लेखकांना असं उघड्यावर टाकणं मला तरी माफ करवत नाही.

आपल्याकडचं. डिवचणं आपल्याला परकं आहे असं नाही. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या समोर बसलेल्या गावच्या पाटलालाही सोडत नसे, आणि पाटलाला ते हसून घ्यावं लागे. अडचण सोहळ्याच्या बांधणीत आहे. गोल्डन ग्लोब थेट दिसतो. निघालेला शब्द परत घेता येत नाही. आपले बहुतेक सोहळे आधी चित्रित होतात आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, दाखवले जातात. मधल्या काळात एडिटिंगच्या टेबलावर दुखरा विनोद जातो, पडलेल्या विनोदावर दुसऱ्याच क्षणीचा हशा बसवला जातो. त्यात पुष्कळदा वाहिनी आपल्याच मालिकांना पुरस्कार देते, प्रायोजक पहिल्या रांगेत असतो आणि संहिता या दोघांच्या हाताखालून जाते. मी लिहिलेली अशी वाक्यं तालमीच्या आदल्या रात्री लाल पेनानं उडालेली पाहिली आहेत, आणि उडवणाऱ्यांनी कधीच ‘विनोद वाईट आहे’ असं कारण दिलं नाही. ‘ते समोर बसणार आहेत’ एवढंच.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: माणसं आहेत, लिहिणारेही आहेत. सोहळा थेट दाखवायला आणि आयोजकांवरच्या विनोदासाठी संहितेत जागा ठेवायला कुणी तयार झालं, तर ते पुढच्या वर्षीही होऊ शकतं. आणि पहिल्याचं: २०२० चं भाषण पुन्हा बघाल तेव्हा पूर्ण बघा, त्याआधी २०११ चं बघा, आणि प्रत्येक विनोदाला तो कुणावर होता याची नोंद करा. यजमान आणि मालक किती, एकटी माणसं किती, हे मोजलंत की जमलं की फसलं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. माझ्या हिशेबात २०२० जमलं, २०११ अर्धं.