प्राण्यांवर प्रयोग नको असतील तर रिसर्च सोडायचा का?

तुझं पत्र वाचलं. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, औषधांच्या रिसर्चमध्ये जायचंय, पण उंदराला सुई टोचायची कल्पनाच सहन होत नाही, त्यात बाबा म्हणतात मग सरळ लाईन बदल, आणि मैत्रीण म्हणते टेन्शन घेऊ नको, सरकारने हे सगळं बंदच केलंय. मला दोघांचंही पटलं नाही.

आधी मैत्रिणीचं बघू. बंदी आली ती कॉस्मेटिक्सच्या टेस्टिंगवर, २०१४ मध्ये. औषधांचं तसं नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना मनाई करतच नाही, तो म्हणतो विनाकारण हाल नकोत आणि लक्ष ठेवायला कमिटी असू द्या. तीच केंद्राची कमिटी सीपीसीएसईए, आता नाव सीसीएसईए झालंय पण लॅबमधले जुने लोक अजून पहिलंच नाव घेतात. प्राणी वापरणाऱ्या संस्थेला तिथे रजिस्ट्रेशन लागतं, शिवाय संस्थेची स्वतःची एथिक्स कमिटी लागते, त्यात व्हेट असतो, बाहेरचा सायंटिस्ट असतो आणि सायन्सशी संबंध नसलेला एक माणूसही असतो. उंदरांचं प्रपोजल तिथेच पास होतं, कुत्रा किंवा माकड असेल तर वर केंद्रीय कमिटीकडे जातं. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमात बदल झाला आणि पेशींवरच्या टेस्ट, ऑर्गन-ऑन-चिप (छोट्या चिपवर पेशी वाढवून अवयवासारखं काम करून घेणं), कॉम्प्युटर मॉडेल अशा पद्धतींना जागा मिळाली, अमेरिकेनेही डिसेंबर २०२२ मध्ये प्राण्यांवरच्या टेस्टची कायद्यातली सक्ती काढली. पण सक्ती गेली म्हणजे बंदी आली असं होत नाही ना. (त्याच अमेरिकेत लॅबसाठी वाढवलेले उंदीर मुख्य प्राणी कल्याण कायद्याच्या बाहेर ठेवलेत, म्हणजे सगळ्यात जास्त वापरतात तेच! मला हे अजून पचत नाही.)

आता बाबांचं. लाईन बदलायची काही गरज नाही, कारण जिथे नियम आहेत तिथे ते नियम समजणारी माणसं लागतातच. कमिटीकडे जो फॉर्म जातो त्यात विचारतात की हाच प्राणी का, एवढेच का, प्राण्याशिवाय जमणार नाही हे कशावरून, दुखू नये म्हणून काय करणार, आणि प्राण्याचे हाल वाढले तर प्रयोग कुठल्या पॉइंटला थांबवणार. रसेल आणि बर्च या दोन सायंटिस्टनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्वच हे, पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. यातला 'एवढेच का' हा प्रश्न बघ, तो शुद्ध स्टॅटिस्टिक्सचा आहे. जास्त उंदीर घेतले तर उगाच मारले, आणि फार कमी घेतले तर रिझल्टच धड येत नाही, म्हणजे जे घेतले तेही फुकट गेले. हे ज्याला नीट मांडता येतं तो पिंजऱ्याला हात न लावता बरेच जीव वाचवतो, आणि खरं सांगू का, बायोलॉजीवाल्या पोरांना नेमकं हेच येत नसतं. म्हणून बायोस्टॅटिस्टिक्सचा एक चांगला कोर्स आत्ताच कर.

बाकी बायोइन्फॉर्मॅटिक्स आहे (जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर तपासायचा), रेग्युलेटरी अफेअर्स आहे (औषधाच्या सरकारी परवानगीचं काम), इन-व्हिट्रो टॉक्सिकॉलॉजी आहे (औषध विषारी आहे का ते प्राण्याऐवजी लॅबमधल्या पेशींवर बघायचं). फक्त सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवणं, म्हणजे प्राण्यांशी संबंधच नाही असं धरून चालू नको, सेल वाढवायला जे सीरम सर्रास वापरतात ते गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून येतं. सीरम-फ्री मीडियावर, म्हणजे हे सीरम न घालता बनवलेल्या पोषक द्रवावर, काम करणाऱ्या लॅब आहेत, त्या शोधाव्या लागतील.

आणि जिथे जाऊच नको ते पण सांगतो. प्री-क्लिनिकल, म्हणजे माणसांवर देण्याआधीचं, टेस्टिंग करणाऱ्या कंपन्यांचं अ‍ॅनिमल हाऊस, फार्माकॉलॉजीतली (औषधाचा शरीरावर काय परिणाम होतो त्याचा अभ्यास) नेहमीची पीएचडी. होईल सवय म्हणून गेलीस तर एक तर तू चिडचिडी होशील नाहीतर दगड होशील, दोन्ही नको.

एमएस्सी किंवा पीएचडीला गाईड भेटतील तेव्हा टॉपिक ठरायच्या आधीच विचार की यात प्राणी आहेत का, आत्ता नसले तर पुढे लागतील का, आणि मी नाही म्हटलं तर चालेल का. तोंडी हो म्हणाले तरी नंतर एक छोटा ईमेल टाकून ठेव, कारण दुसऱ्या वर्षी पेपर तपासणारा रिव्ह्यूअर म्हणतो प्राण्यांवर दाखवा आणि मग गाईडला हे बोलणं आठवत नाही.