नगरसेवकांनी फोनपलीकडे काय करावे?

प्रश्न : आमच्या वस्तीतील नळजोडणीचे अर्ज महापालिकेत कित्येक महिने पडून आहेत. नगरसेवक दर वेळी ‘साहेबांना फोन करतो’ असे सांगतात. यापलीकडे ते काय करू शकतात?

उत्तर : बरेच काही. फोनने एखाद्याचे काम होते, बाकीचे अर्ज तसेच राहतात. म्हणून तोंडी विनंती न करता सर्व अर्जांचे क्रमांक व तारखा नोंदवलेले निवेदन त्यांना द्यावे आणि हा विषय प्रभाग समितीत, तेथे दाद न लागल्यास सर्वसाधारण सभेत मांडण्याचा आग्रह धरावा, कारण सभेत दिलेले उत्तर इतिवृत्तात येते आणि प्रशासनाला त्यातून सहजासहजी अंग काढून घेता येत नाही. जलवाहिनीच अपुरी असेल, तर अंदाजपत्रकात तरतूद करवून घेणे हे तर त्यांचेच काम आहे.

तुमच्या हातीही एक साधन आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेली सेवा मुदतीत न मिळाल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. अर्जाची पोच मात्र आवर्जून घ्यावी. सेवेची मुदत तिच्यावरच नमूद करणे बंधनकारक आहे.