पेल्विक फ्लोअरचं काम करायला डॉक्टरच असावं लागतं का?

"ताई, नाशिकलाच फिजिओथेरपीचं बीपीटीएच केलंय, इंटर्नशिप संपत आलीय. इंग्लंडला येऊन थेट पेल्विक फ्लोअरमध्ये काम मिळेल का, की त्यासाठी गायनॅक डॉक्टरच लागतो?" असं विचारलंयस. पेल्विक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तोलून धरणारे स्नायू. त्यांचं काम करायला डॉक्टर लागत नाही. पण थेटही मिळत नाही.

मी पंचवटीची, नऊ वर्षं लीड्सला फिजिओ आहे. आमच्या महिन्याच्या मीटिंगला कोण कोण बसतं ते ऐक. युरोगायनॅकॉलॉजिस्ट, म्हणजे आधी गायनॅक आणि त्यावर वेगळं प्रशिक्षण. युरॉलॉजिस्ट. कोलोरेक्टल सर्जन, कारण शौचाला न होणं किंवा न थांबणं हेही बरेचदा याच स्नायूंचं दुखणं. कॉन्टिनन्स नर्स, म्हणजे लघवी-शौचावर ताबा न राहणाऱ्या पेशंटना बघणारी. आणि आम्ही फिजिओ. लघवी सुटण्यावर ऑपरेशन करून बसवायच्या मेशचा (जाळीचा) वापर इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये थांबवला गेला आणि बायकांनी काय सोसलं ते २०२० च्या चौकशी अहवालात आलं. त्यानंतर तर ऑपरेशनचा शब्द काढण्याआधी सगळे दहादा विचार करतात.

आपल्या फिजिओंच्या शब्दाला वजन आहे ते इथे. खोकताना-शिंकताना लघवी सुटते अशा बाईला आधी किमान ३ महिने देखरेखीखाली व्यायाम द्यावा, असं नाइसच्या, म्हणजे उपचार कसे करावेत ते ठरवून देणाऱ्या इथल्या संस्थेच्या, मार्गदर्शक सूचनांत आहे. दिवसातून ३ वेळा, दर वेळी निदान ८ आकुंचनं. (हे व्यायाम ज्याच्या नावाने चालतात तो अर्नोल्ड केगल मात्र फिजिओ नव्हे, गायनॅकॉलॉजिस्ट. त्याचा लेख १९४८ चा.)

पण सरसकट सगळ्यांना केगल सांगायचं नसतं, हे मी इथे शिकले. आतून तपासणी करायचं ट्रेनिंग चालू होतं. पहिल्याच पेशंटला हात लावून मी म्हटलं, "स्नायू कमजोर आहेत, आकुंचन येतच नाही." सीनियरने तिला फक्त श्वास सोडायला सांगितला. बोटाखाली स्नायू सैल झाला आणि मग नीट आवळलाही गेला. कमजोर नव्हता, आखडून बसला होता. तिला आधी सोडायला शिकवायचं होतं, मी आवळायला सांगणार होते.

आता वाट. एचसीपीसी, म्हणजे फिजिओंची नोंदणी करणारी इथली परिषद, तिची नोंदणी झाल्याशिवाय इथे स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवता येत नाही. त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ७, कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नको. मग एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बहुतेक बँड ५ (बँड म्हणजे पगाराची श्रेणी): छातीचा वॉर्ड, हाडांचा, स्ट्रोकचा, आळीपाळीने. पेल्विक हेल्थच्या जागा साधारण बँड ६ पासून निघतात. ती दोनेक वर्षं वाया गेली असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही, छातीच्या वॉर्डातला खोकला इथे रोज कामाला येतो.

इंटर्नशिप आहे तोवर गायनॅक ओपीडीत बसायची परवानगी माग. दिंडोरीकडून, द्राक्षाच्या कामावरून आलेली बाई "अंग बाहेर येतंय" (म्हणजे गर्भाशय खाली उतरतंय) हे जमिनीकडे बघत, तेही सासू बाहेर गेल्यावर सांगते. तिला पुढचा प्रश्न कसा विचारायचा ते तिथेच शिकशील. इथल्या बायकाही काही फार मोकळ्या नसतात, फक्त लाज इंग्रजीत असते.

आणि नोंदणीच्या अर्जासाठी कोणत्या विषयाला किती तास, प्रॅक्टिकल कुठे, किती आठवडे, हे सगळं कॉलेजकडून सही-शिक्क्यानिशी आताच घेऊन ठेव. मी इथे आल्यावर मागितलं. एका शिक्क्यासाठी बाबांनी कॉलेजच्या सात खेपा घातल्या.